होडीत बॅटऱ्या दोन ठेवा : एक इंजिनाची, एक दिव्यांची

नांदे (ता. मुळशी) : ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर चार माणसं धक्का मारतात, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला वायर जोडून काम भागतं. धरणाच्या पाण्यात मधोमध लाँच बंद पडली, तर धक्का मारणार कोण? ताम्हिणी घाट उतरून गेलं की कोकणातल्या मच्छीमारांपुढे तर रात्रीच्या समुद्राचा प्रश्न असतो. इंजिन चालू होत नाही, दिवा लागत नाही, वायरलेसही मुका.

बऱ्याचदा कारण एकच. इंजिन, दिवे, जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, मोबाईलचं चार्जिंग, सगळं एकाच बॅटरीवर टाकलेलं असतं.

खरं तर दोन प्रकारच्या बॅटऱ्या आपल्या घरीच असतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त असतात, ती काही सेकंद जोरदार करंट देते. पण रोज खोलवर उतरवली की लवकर मरते. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हळूहळू, तासन्‌तास करंट देते. होडीत स्टार्टरला पहिली आणि बाकी सगळ्याला दुसरी, अशी वाटणी करावी. इंजिनावर दोन्ही चार्ज व्हाव्यात म्हणून मध्ये रिले किंवा निवड-स्विच बसवतात. मात्र इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या तोडू नयेत, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

किती मोठी घ्यायची, हा हिशोब सोपा आहे. समजा दिवे आणि यंत्रं मिळून ४८ वॅट. १२ व्होल्टवर ते ४ अँपिअर झाले. रात्रीचे १० तास धरले तर ४० अँपिअर-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून किमान ८० ची हवी. १०० ची घेतलेली बरी. लिथियम हलकी असते, जास्त खोल उतरवता येते, पण तिला तिचाच चार्जर लागतो. उगाच स्वस्तात जुनी जोडून घेऊ नका.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. नवी-जुनी जोडली की जुनी नवीला ओढत राहते. लोडची प्लस वायर पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून काढली की दोघींवर भार सारखा येतो. एकापुढे एक जोडल्या तर २४ व्होल्ट होतात, १२ व्होल्टचं यंत्र जळून जाईल.

फ्यूज प्लसच्या वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. तो वायर वाचवण्यासाठी असतो. लांब बसवला तर मधल्या वायरला शॉर्ट झाल्यावर आग लागते, आणि होडीत पळायला जागा नसते. तळाचं पाणी उपसणारा पंप मेन स्विचमधून घेऊ नये. स्वतःच्या फ्यूजने थेट बॅटरीवर जोडावा, म्हणजे होडी बांधून ठेवल्यावरही तो चालेल.

बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तिथे हवा खेळती असावी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिथे विडी पेटवू नये. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. खाऱ्या पाण्यात कलई केलेली तांब्याची वायर वापरावी आणि टर्मिनलला व्हॅसलिन लावावं.