ऑफसेट यंत्रावरील खोटा ‘पेपर जॅम’ : दोष कसा शोधावा

शीटफेड ऑफसेट यंत्र चालता चालता थांबते. पडद्यावर ‘पेपर जॅम’ असा संदेश दिसतो. गार्ड उघडून पाहावे तर कागद कुठेच अडकलेला नसतो. संदेश पुसून यंत्र पुन्हा सुरू केले, की शे-दोनशे कागदांनंतर तोच प्रकार. या पाठात आपण असा खोटा इशारा का मिळतो आणि त्याचे मूळ कसे गाठायचे ते पाहणार आहोत. उदाहरणांसाठी लखनौ शहर घेतले आहे. मुन्शी नवल किशोर यांनी 1858 मध्ये तेथे छापखाना काढला, तेव्हा शिळाछपाईवर कागद नीट लागला की नाही हे कारागिराचा डोळा पाहत असे. आज ते काम सेन्सर करतो, आणि लखनौची हवा वर्षातून तीनदा त्याची परीक्षा घेते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्राला कागद ‘दिसत’ नाही. फीडबोर्डवरून आलेला कागद फ्रंट लेपाशी टेकतो, तेथील सेन्सर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. हे उत्तर यंत्र सतत ऐकत नाही. एन्कोडर सिलिंडरचा कोन मोजत असतो, आणि ठरावीक काही अंशांपुरतेच ते उत्तर विचारात घेतले जाते. त्या खिडकीच्या आधी कागद आला तर ‘लवकर’, नंतर आला तर ‘उशीर’, आलाच नाही तर ‘गैरहजर’. डिलिव्हरीतही असेच सेन्सर असतात. तेथे कागद वेळेवर पुढे सरकला का, एवढे तपासले जाते. अनेक यंत्रे या सगळ्या गोष्टींना ‘जॅम’ हे एकच नाव देतात. म्हणून संदेशातल्या शब्दापेक्षा त्यासोबतचा क्रमांक महत्त्वाचा. कोणत्या सेन्सरने तक्रार केली, हे तो क्रमांक सांगतो.

कागद आला नाही तर यंत्राने एवढी घाई का करावी? इम्प्रेशन तसेच चालू राहिले, तर ब्लँकेटवरची शाई थेट इम्प्रेशन सिलिंडरवर उतरते आणि पुढच्या कागदांच्या पाठीवर छापली जाते. गंमत म्हणजे ऑफसेटचा जन्मच अशा चुकलेल्या कागदातून झाला, असे सांगतात. 1904 च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेल यांच्या लिथो यंत्रावर एक कागद लागायचा राहिला, रबराच्या आवरणावर छाप उमटली आणि ती पुढच्या कागदाच्या पाठीवर अधिक स्वच्छ उतरली.

आता थोडे गणित. ताशी 10,000 कागदांचा वेग म्हणजे एका कागदाला 0.36 सेकंद. या काळात एन्कोडरचे 360 अंश पूर्ण होतात, म्हणून एक अंश बरोबर एक मिलिसेकंद. सेन्सरचे उत्तर 2 मिलिसेकंद उशिरा आले, तर 2 अंश हुकतात. ताशी 5,000 च्या वेगाला तोच उशीर एकाच अंशाचा ठरतो आणि खिडकीत सामावतो. दोष फक्त जास्त वेगाला येत असेल, तर उशिराचा संशय धरा: सेन्सरची मंद प्रतिक्रिया, सैल झालेली फीडरची चेन, किंवा शोषण कमी पडल्याने खरोखरच मागे राहणारा कागद. शेवटची दोन कारणे असतील, तर कागद अडकलेला नसला तरी सेन्सर खोटे बोलत नसतो. तेथे सेन्सरला हात लावू नका.

लखनौत मे-जूनमध्ये लू वाहते, हवा कोरडी पडते. कागदावर स्थिर वीज साठते, दोन कागद एकमेकांना चिकटतात आणि डबल शीट डिटेक्टर यंत्र थांबवतो. हा इशारा खरा आहे. पण जुलैत पाऊस लागला की चित्र उलटते. उघड्या थप्पीच्या कडा ओलावा शोषून लाटदार होतात. यांत्रिक डिटेक्टरचे चाक त्या लाटेने उचलले जाते आणि एकच कागद ‘डबल’ ठरतो. धारिता मोजणारा डिटेक्टर असेल तर आणखी मजा: पाण्याचा परावैद्युतांक सुमारे 80, कोरड्या कागदाचा 2 ते 4. जूनमध्ये बसवलेल्या मापाला जुलैतला ओलसर कागद जाड वाटतो. उपाय म्हणजे थप्पी झाकून ठेवणे, कागद छपाईच्या खोलीत आधी मुरू देणे (कागद तपासण्याची प्रमाण हवा 23 अंश सेल्सिअस व 50 टक्के सापेक्ष आर्द्रता अशी आहे) आणि चालू कागदावर डिटेक्टर पुन्हा लावणे.

जानेवारीच्या धुक्यात रात्रभर थंड झालेल्या यंत्रावर सकाळची दमट, उबदार होत जाणारी हवा लागते. लेन्सवर दव धरते. पहिला अर्धा तास इशारे आणि नंतर सारे सुरळीत, असे होत असेल तर सेन्सर बदलण्याआधी लेन्सकडे पाहा.

दोष शोधताना क्रम पाळा. आधी यंत्र थांबवून सेफ बटण दाबा. फीडबोर्ड, ग्रिपर, ब्लँकेट, डिलिव्हरी पाहा. ब्लँकेटला गुंडाळलेला कागद पटकन दिसत नाही. मग सेन्सरसमोर हाताने कागदाचा तुकडा धरा व काढा, आणि त्याच्यावरचा छोटा दिवा पाहा. दिवा बदलत नसेल तर दोष तेथेच: फीडरजवळ कागदाची धूळ, डिलिव्हरीत स्प्रे पावडर, सरकलेला ब्रॅकेट. लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसा. प्लास्टिकच्या लेन्सवर वॉशचा द्रव लावलात तर ती कायमची धुरकट होऊ शकते. परावर्तित प्रकाशाच्या सेन्सरमागची काळी पट्टी घासून चकचकीत झाली असेल, तर कागद नसतानाही ‘आहे’ असे उत्तर मिळते. उलट, दुसऱ्या फेरीत कागदाच्या पुढच्या कडेला गडद सॉलिड छापलेला असेल, तर समोरचा कागदही ‘नाही’ ठरतो.

दिवा बदलतो, पण नियंत्रकाच्या पडद्यावर इनपुट बदलत नाही? मग केबल आणि जोडणी. यंत्राच्या कंपनाने तार आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. केबल हलवत इनपुट पाहिले की सापडते. दोन्ही ठीक असतील तर कोनाची खिडकी आणि एन्कोडरची कपलिंग तपासा. इशारा नेमका कॉम्प्रेसर सुरू होताना येत असेल, तर सेन्सरचा 24 व्होल्टचा पुरवठा त्याच क्षणी मोजा.

काम घाईचे असले की सेन्सर बायपास करण्याचा मोह होतो. खोट्या इशाऱ्यांचा खरा धोका हाच आहे. बायपासच्या त्या तासात दुमडलेला किंवा दुहेरी कागद आत गेला, तर ब्लँकेट दबते. गार्डचा स्विच बायपास केला, तर बोटे जातात. गार्डच्या स्विचला कोणत्याही कारणाने बगल देऊ नका.

नवा सेन्सर बसवताना जुन्याचा पीएनपी किंवा एनपीएन प्रकार जुळवा, नाहीतर इनपुट एकाच स्थितीत अडकून राहील. बसवल्यावर कमी वेगाने यंत्र चालवून आधी एक कागद मुद्दाम गाळा, मग दोन कागद कडेला चिकटवून सोडा. दोन्ही वेळा यंत्र थांबले, तरच ते छपाईसाठी मशीनमनच्या ताब्यात द्या आणि लॉगबुकात तारीख, वेग, कागदाचा ग्रॅमेज आणि खोलीची आर्द्रता लिहा.