टॉल फेस्क्यू : हिरवळीचे आणि कुरणाचे गवत

टॉल फेस्क्यू हे मूळचे युरोप व उत्तर आफ्रिकेतील बहुवर्षायू गवत होय. आपल्याकडील हरळी उन्हाळ्यात व पावसाळ्यात जोमाने वाढते. हे गवत मात्र थंड हंगामातले आहे. त्याची मुख्य वाढ वसंत व शरद ऋतूंत होते. पाने रुंद व काहीशी खरखरीत असतात आणि मुळे खोल जात असल्यामुळे ते अवर्षणातही तग धरते.

1931 मध्ये केंटकी विद्यापीठाचे कृषिशास्त्रज्ञ ई. एन. फर्गस यांना अमेरिकेच्या केंटकी राज्यात, मेनिफी काउंटीतील एका डोंगरउतारावर या गवताचा एक कणखर प्रकार आढळला. 1943 मध्ये तो ‘केंटकी-31’ या नावाने प्रसारित झाला आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातील उजाड, झिजलेल्या जमिनी त्याने हिरव्या केल्या.

परंतु त्यावर चरणारी गुरे खंगू लागली. उन्हाळ्यात त्यांच्या अंगाचा दाह होई, धाप लागे, दूध घटे. हिवाळ्यात काहींचे खूर व शेपटीचे टोक सडून गळे. गाभण घोड्यांची प्रसूती लांबे आणि व्याल्यानंतर त्यांना दूध येत नसे. या व्याधींचा संबंध गवताच्या आत राहणाऱ्या एका बुरशीशी आहे, हे जॉर्जिया राज्यातील संशोधकांनी 1977 मध्ये दाखवून दिले. ही बुरशी बाहेरून दिसत नाही व केवळ बियांतून पुढील पिढीत जाते. तिने निर्माण केलेल्या अल्कलॉइडांमुळे जनावरांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

यावर उपाय म्हणून बुरशीविरहित वाण तयार करण्यात आले. पण अवर्षण व अतिचराई यांपुढे ते टिकेनात. गवताचा चिवटपणा बऱ्याच अंशी त्या बुरशीचीच देणगी होती. त्यामुळे पुढे जनावरांना बाधक न ठरणाऱ्या बुरशीचे प्रकार शोधून त्यांचा गवताशी संयोग घडवण्यात आला.

म्हणूनच या गवताची निगा त्याच्या उपयोगावर अवलंबून असते. हिरवळीसाठी ही बुरशी इष्टच, कारण ती किडींना दूर ठेवते. बी शरदाच्या आरंभी पेरावे. कापणी सात ते दहा सेंटिमीटर उंचीवर करावी आणि एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. पाणी वरचेवर थोडे देण्यापेक्षा क्वचित पण खोलवर मुरेल असे द्यावे. हे गवत झुबक्यांनी वाढते व फारसे पसरत नाही. म्हणून रिकाम्या जागी पुन्हा बी टाकावे लागते.

कुरणात बाधित गवत असल्यास क्लोव्हरसारखी द्विदल वैरण मिसळावी, म्हणजे विषाचे प्रमाण विरळ होते. तुऱ्यांत ते सर्वाधिक असल्याने तुरे येण्यापूर्वी चराई किंवा कापणी करावी. नत्रखत बेताने द्यावे. गाभण घोड्यांना अखेरचे दोन-तीन महिने अशा कुरणापासून दूर ठेवावे. गवत हिरवे व भरघोस दिसते, एवढ्यावरून ते जनावरांना मानवेल असे समजू नये.