चार आकड्यांची ओळख

पुण्यात ॲपची टॅक्सी चालवून राहुरीला परतलेला एक तरुण परवा मला शिर्डीला नेत होता. म्हणाला, "काका, ओटीपीचे चार आकडे जुळले की फोन कळतो, माणूस नाही. त्याला माझा फोटो, गाडीचा नंबर दिसतो. मला नुसतं नाव. म्हणून 'तुम्ही पाटील ना?' असं मी विचारत नाही. नाव त्यानंच सांगायचं."

आम्ही बँकेत नमुना सही ताडून पाहत असू. खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. तरी फसलोच.

"आणि नाव चुकलं तर?"

"एकदा रात्री चुकलं. आकडे बरोबर होते. गाडीचा हप्ता डोक्यावर होता, तरी भाडं सोडलं."