दप्तरातला आंब्याचा वास

फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर कडाक्याची थंडी, घराच्या खिडक्या बंद, आणि लेकाच्या खोलीत आंब्याचा वास! साताऱ्याहून आलेली आंबापोळी यानं कुठंतरी दडवली असणार, असं समजून मी दप्तर उघडलं. तळाशी हायलायटरएवढी एक गुलाबी वस्तू होती. टोपण काही सापडेना. मग बारीक अक्षरं वाचली : निकोटीन, २० मिलिग्रॅम. मुलगा १२ वर्षांचा.

"माझी नाही गं आई, मित्रानं ठेवायला दिलीय."

साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी चार वर्षं शिकवत होते. हे वाक्य तिथं अनेकदा ऐकलंय, फक्त तेव्हा ते गुटख्याच्या पुडीबद्दल असायचं. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. टपरीवरच्या पुड्यांच्या माळा दिसेनाशा झाल्या, पोरांच्या खिशांत मात्र पुड्या सापडतच राहिल्या.

रात्री धाकट्या दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण माझी सिगारेट याच्यामुळंच सुटली." खरंच आहे ते. चौदा वर्षांची सिगारेट त्यांनी एनएचएसच्या सल्ल्यानं व्हेप घेऊन सोडली. यात तंबाखू जळत नाही, बॅटरीच्या उष्णतेनं द्रवाची वाफ होते. त्यामुळं डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. २०२३ मध्ये इथल्या सरकारनं इंग्लंडमधल्या दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेप किट फुकट द्यायची योजनाही जाहीर केली. आणि तीच एनएचएस बजावते, की मुलांनी आणि सिगारेट न ओढणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

"मग काकाला चालतं, मला का नाही?" लेकाचा प्रश्न.

"पाय मोडलेल्याला कुबडी लागते. धडधाकट माणसानं ती घेतली तर काय होईल?" असं मी म्हटलं. उदाहरण मला आवडलं, त्याला नाही. मग सरळच सांगितलं. वाढत्या वयातला मेंदू निकोटीनला लवकर चटावतो, आणि आंब्याच्या वासाआड ते निकोटीनच असतं. या देशात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही त्याची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. म्हणजे त्या गुलाबी कांडीत मर्यादेइतकं पुरेपूर भरलेलं होतं.

अठरा वर्षांखालच्यांना हे विकणं इंग्लंडमध्ये २०१५ पासून गुन्हा आहे. तरी ते दप्तरात पोचलंच. २०२५ मध्ये १ जूनपासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर देशभर बंदी आली. एक कारण मुलं, दुसरं कचरा : २०२३ मध्ये आठवड्याला जवळजवळ पन्नास लाख फेकल्या जात होत्या, प्रत्येकीत लिथियमची बॅटरी. बंदीनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात मुद्दाम डोकावले. तेच रंग, तोच आंबा, शेजारी चॉकलेटं. फरक एवढाच, की आता खाली चार्जिंगचं भोक आणि बदलता येणारी नळी. चवी, वेष्टनं आणि मांडणी यांवर बंधनं घालायचे अधिकार सरकारला देणारं विधेयक मार्च २०२५ मध्ये कॉमन्समध्ये मंजूर झालं आणि लॉर्ड्समध्ये गेलं. ऑक्टोबर २०२६ पासून दहा मिलिलिटरमागे २ पौंड २० पेन्स करही ठरला. करापेक्षा माझा भरवसा त्या मांडणीवरच्या बंधनांवर जास्त. पोरं भुलतात ती रंगांनाच.

दिवाळीला भारतात जाणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण आमच्याकडे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भारतात २०१९ च्या कायद्यानं व्हेपची आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बॅगेत 'सहज' टाकून नेऊ नका. सिगारेट मात्र कुठल्याही टपरीवर सुटी मिळते! भावजींना धास्ती तीच आहे. तीन आठवडे, जुने मित्र, चहाची टपरी. त्यांनी निकोटीनची च्युइंगगम घेऊन ठेवली आहेत. सासूबाईंना अजून यातलं काहीच माहीत नाही, त्या चिवडा-चकल्यांच्या तयारीत आहेत.

ती गुलाबी वस्तू इतके दिवस माझ्या कपाटात होती, कारण बॅटरीमुळं कचऱ्यात टाकता येत नाही. विकणाऱ्या दुकानानं ती परत घ्यायची असते. मागच्या आठवड्यात लेकाला घेऊन गेले आणि तिथल्या डब्यात त्याच्याच हातानं टाकायला लावली. वळलो तर दारात त्याच्याच शाळेच्या गणवेशातला एक मुलगा उभा होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या.

"तोच का रे?" हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही. घराजवळ आल्यावर तोच म्हणाला, "आई, त्याच्या घरी कुणी त्याला विचारत नाही गं."