जंगल शिकवणारी शाळा

बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात, पलांकाराया शहराबाहेर, न्यारू मेंटेंग नावाचे एक छोटे राखलेले रान आहे. इथे सकाळी हातगाडे निघतात आणि प्रत्येक गाड्यात एकमेकांना घट्ट धरून बसलेली ओरांगउटानची पिल्ले असतात. गाडे ढकलणाऱ्या आया बहुतेक आसपासच्या दायक आदिवासींच्या वस्त्यांमधल्या आहेत. त्या पिल्लांना झाडांपाशी नेतात, दिवसभर त्यांच्यामागे राहतात आणि संध्याकाळी निवाऱ्यात परत आणतात. हे शिक्षण एका पिल्लासाठी सात-आठ वर्षेसुद्धा चालते. बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल फाउंडेशनचे हे केंद्र जगातल्या सर्वांत मोठ्या वानर-पुनर्वसन केंद्रांपैकी एक आहे.

एवढा वेळ का लागतो, हे ओरांगउटानच्या आईकडे पाहिले की कळते. मादीला साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच पिल्लू होते. सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांमधले इतके मोठे अंतर दुसरीकडे आढळत नाही. हा प्राणी कळप करून राहत नाही आणि नर पिल्लाच्या संगोपनात नसतो, त्यामुळे शिकवणारी एकटी आईच. कोणते झाड कधी फळते, कोणत्या झाडाची साल सोलून आतला थर खायचा, वाळवीचे घर कसे फोडायचे, रात्रीसाठी उंचावर फांद्या मोडून घरटे कसे विणायचे, हे सगळे पिल्लू तिच्या अंगाला चिकटून, तिच्या तोंडातला घास पाहून शिकते. घरटे तर रोज संध्याकाळी नवे लागते.

पिल्लू असे चिकटलेले असल्यामुळेच ते पळवायचे तर आधी आईला मारतात. कुणाच्या अंगणात साखळीला बांधलेले पिल्लू दिसले, की त्यामागे एक मेलेली मादी आहे असे धरून चालावे. इंडोनेशियात ओरांगउटानला कायद्याचे संरक्षण 1931 पासून, म्हणजे डच अमलापासून आहे. तरीही पिल्ले येत राहतात, कारण त्यांचे जंगल जाते आहे.

मध्य कालिमंतानात ते कसे गेले, याची एक तारीखवार कहाणी आहे. 1995च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी दहा लाख हेक्टर दलदली जंगलाची भातशेती करायचे फर्मान काढले. ही जमीन पीटची आहे: हजारो वर्षे पाण्याखाली राहून अर्धवट कुजलेल्या पाल्या-लाकडाचे मीटरच्या मीटर थर. त्यात 4,000 किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. पाणी वाहून गेले, पीट वाळले आणि भात काही उगवला नाही. 1997च्या एल निनोच्या दुष्काळात जंगल तर पेटलेच, जमीनही आतून जळत राहिली. आगीतून पळालेले ओरांगउटान गावांकडे आणि मळ्यांकडे आले, तिथे कित्येक मारले गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1999 मध्ये, लोन ड्रॉशर नील्सन या डॅनिश बाईंनी न्यारू मेंटेंग उभे केले. त्या पूर्वी विमानात हवाई सेविका होत्या. तांजुंग पुटिंग राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. थोड्याशा प्राण्यांसाठी योजलेल्या या केंद्रात काही वर्षांतच 600हून अधिक ओरांगउटान जमा झाले. पामतेलाच्या मळ्यांसाठी जंगलतोड जोरात होती, ते हेच दिवस.

नवे पिल्लू आले की आधी विलगीकरण आणि तपासण्या. क्षय, कावीळ असे माणसांचे आजार ओरांगउटानलाही होतात, म्हणून हे टाळता येत नाही. त्यानंतर आया. तान्ह्या पिल्लाला रात्रंदिवस उराशी धरावे लागते. स्पर्श मिळाला नाही तर ते खाणे सोडते. थोडे मोठे झाले की जंगलशाळा. आया वाळवीचे घर फोडून दाखवतात, पाने गोळा करून घरट्यासारखी रचतात. रबरी साप ठेवून त्याला पाहून किंचाळतात, म्हणजे पिल्लालाही भीती कळावी. एवढे प्रेम लावून पुढे मात्र हात आखडता घ्यायचा, कारण माणसाजवळ येणारा ओरांगउटान जंगलात फार दिवस जगत नाही. ज्याला आपण वाढवले त्याने आपल्याला टाळावे, यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या या बायांच्या कामाला मी या संस्थेचा खरा कणा मानतो.

जंगलशाळेनंतर रुंगान नदीतली बेटे. ओरांगउटानना पोहता येत नाही, त्यामुळे पाणी हेच कुंपण. इथे आया नसतात. होडीतून थोडे खाणे पोचते आणि कोण स्वतः अन्न शोधतो, कोण घरटे बांधतो, कोण जमिनीवर फार उतरतो, याच्या नोंदी होतात. ज्यांचे जमते ते पुढे जंगलात.

पण कोणत्या जंगलात? न्यारू मेंटेंगमधून सुटका सुरू झाली ती फेब्रुवारी 2012 मध्ये, बुकित बातिकापच्या राखीव डोंगराळ रानात. म्हणजे स्थापनेनंतर जवळपास 13 वर्षांनी! तयार झालेले प्राणी पिंजऱ्यांत आणि बेटांवर ताटकळत होते, कारण पुरेसे मोठे आणि कायद्याने सुरक्षित रान मिळत नव्हते. शेजारच्या पूर्व कालिमंतानात संस्थेने वेगळीच वाट काढली. स्वतःची एक कंपनी स्थापन करून 2010 मध्ये केहजे सेवेन हे 86,450 हेक्टरचे रान 60 वर्षांच्या परवान्यावर घेतले. लाकूडतोडीच्या कंपन्या सरकारकडे पैसे भरून परवाना घेतात, तसाच हाही परवाना, फक्त झाडे उभी ठेवण्यासाठी. 2016 पासून बुकित बाका बुकित राया राष्ट्रीय उद्यानातही प्राणी सोडले जात आहेत. सोडण्यापूर्वी कातडीखाली एक छोटे रेडिओयंत्र बसवतात आणि त्याच्या आधारे माणसे सकाळच्या घरट्यापासून रात्रीच्या घरट्यापर्यंत त्या प्राण्याच्या मागावर राहतात. सोडलेल्या माद्यांना जंगलात पिल्लेही झाली आहेत.

या कामावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकता येणार नाही. 2000 ते 2019 या काळात ओरांगउटानवर झालेल्या एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा हिशेब काही संशोधकांनी 2022 मध्ये मांडला. अधिवास राखणे, गस्त घालणे आणि लोकांमध्ये जागृती करणे यांचा सर्वाधिक उपयोग झाला. सुटका-पुनर्वसनाचा तुलनेने कमी. आकडे मला पटतात. 1999 ते 2015 या काळात बोर्निओने एक लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले, आणि एवढी मोठी गळती कोणतीही शाळा भरून काढू शकत नाही. मात्र दारात आणून ठेवलेल्या पिल्लाला नाही म्हणायचे कसे? शिवाय केहजे सेवेनसारखे रान राखले गेले ते या पिल्लांना जागा हवी होती म्हणूनच. त्यामुळे एकाऐवजी दुसरे निवडा, हा सल्ला मला अपुरा वाटतो.

या कहाणीत आपलाही भाग आहे. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत. फरसाण, बिस्किटे, खारी, वनस्पती तूप यांतून ते रोज आपल्या पोटात जाते. 2022च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने 100 रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर लिटरभर पामतेल होते. गरिबाच्या कढईतले हे तेल बंद करा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेवढ्याच तेलासाठी सोयाबीन किंवा सूर्यफुलाला कितीतरी पट जमीन लागते, त्यामुळे निव्वळ बहिष्काराने जंगल वाचत नाही. पण हे तेल जुन्या मळ्यांचे की नव्याने तोडलेल्या जंगलाचे, हा प्रश्न एवढा मोठा ग्राहक जोरात विचारेल तर मळेवाल्यांना तो टाळता येणार नाही. युरोपातले खरेदीदार तो विचारतात. आपल्याकडे तो क्वचितच ऐकू येतो.

न्यारू मेंटेंगची सगळीच मुले उत्तीर्ण होत नाहीत. कुणी आंधळे आहे, कुणाचा हात गेलेला आहे, कुणाला असाध्य आजार आहे, कुणाची उमेदीची वर्षे पिंजऱ्यात गेली आहेत. त्यांना जन्मभर सांभाळावे लागते, आणि एक ओरांगउटान पन्नास वर्षेही जगतो. हा खर्च संस्थेने मान्य केलेला आहे.

आणि संस्थेचा आणखी एक मोर्चा सुहार्तोंच्या त्याच भातयोजनेच्या जमिनीवर आहे. मावास नावाच्या सुमारे तीन लाख हेक्टरच्या दलदली पट्ट्यात आजही अडीच हजारांच्या आसपास जंगली ओरांगउटान आहेत. त्यांना कधी शाळेची गरज पडलेली नाही. तिथे जुने कालवे लाकडी बांध घालून अडवले जातात, म्हणजे पीट पुन्हा भिजेल आणि पेटणार नाही. मात्र गेल्या पंचवीस वर्षांत हेच कालवे गावकऱ्यांच्या होड्यांचे रस्ते झाले आहेत. त्यामुळे प्रत्येक बांध कुठे घालायचा, हे आधी गावात बसून ठरवावे लागते.