कोणी, कधी, काय बदलले

प्रोग्रॅम एकदा लिहून हातावेगळा होत नाही. त्यात चुका सापडतात, यंत्रे बदलतात, वापरणाऱ्यांच्या गरजा वाढतात आणि त्याच मजकुरावरून वर्षानुवर्षे वेगवेगळे हात फिरत राहतात. त्यामुळे नवा कोड लिहिण्यापेक्षा जुन्या कोडमध्ये नेमका बदल करण्यातच प्रोग्रॅमरचा बराच वेळ जातो. हा बदल दुसऱ्या माणसाला वाचता आला पाहिजे, तपासता आला पाहिजे आणि गरज पडली तर मागे घेता आला पाहिजे. व्हर्जन कंट्रोल, पॅच आणि कोड लिहिण्याची शैली ही तिन्ही अंगे सहसा स्वतंत्रपणे शिकवली जातात. प्रत्यक्षात तिन्हींचे काम एकच आहे: बदल वाचनीय ठेवणे.

बदलांची पद्धतशीर नोंद ठेवणारी पहिली महत्त्वाची प्रणाली 1972 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार झाली. मार्क रॉचकाइंड यांनी लिहिलेली ही प्रणाली म्हणजे एससीसीएस, अर्थात सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम. तिच्यात फाईलची प्रत्येक ओळ कोणत्या आवृत्तीत आली आणि कोणत्या आवृत्तीत गेली याच्या खुणा एकाच फाईलमध्ये गुंफलेल्या असत. त्यावरून कोणतीही जुनी आवृत्ती पुन्हा उभी करता येई. 1982 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी आरसीएस या प्रणालीत वेगळा मार्ग धरला. ताजी आवृत्ती जशीच्या तशी ठेवायची आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक तेवढे साठवायचे, कारण लोक बहुतेक वेळा ताजीच आवृत्ती मागतात. दोन्ही प्रणालींत फाईलला कुलूप लागे. एकाने ती बदलायला घेतली की बाकीच्यांनी थांबायचे.

याच काळात एक छोटे पण फार मोलाचे साधन तयार झाले. डग्लस मॅकिलरॉय यांचा डिफ हा प्रोग्रॅम 1974 मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. दोन फाईलींमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची आणि उरलेल्या ओळी ‘गेल्या’ किंवा ‘आल्या’ म्हणून दाखवायच्या, हे त्याचे तत्त्व. त्यामागचे गणित जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केले. डिफला कोडचा अर्थ कळत नाही, त्याला फक्त ओळी दिसतात. ही मर्यादा पुढे पुन्हा पुन्हा समोर येते.

डिफने फरक दाखवला तरी तो दुसऱ्याच्या यंत्रावरील फाईलला लावायचा कसा, हा प्रश्न शिल्लक होता. लॅरी वॉल यांनी, म्हणजे पुढे पर्ल ही भाषा रचणाऱ्या त्याच वॉल यांनी, 1985 मध्ये पॅच हा प्रोग्रॅम जाहीर करून तो सोडवला. 1990 मध्ये वेन डेव्हिसन यांनी फरक लिहिण्याची जी आटोपशीर रीत सुचवली, तीच आज सर्वत्र दिसते. एखाद्या ॲपच्या मराठी शब्दयादीत एक ओळ बदलली, तर तो बदल असा दिसेल:

@@ -12,3 +12,3 @@
 फाईल उघडा
-बदल जतन करा
+बदल साठवा
 बाहेर पडा

पहिली ओळ पत्ता सांगते: जुन्या फाईलमधील बाराव्या ओळीपासून तीन ओळी, नव्या फाईलमधीलही बाराव्यापासून तीन. वजा चिन्हाची ओळ गेली, अधिक चिन्हाची आली. वरखालच्या ज्या ओळींना चिन्ह नाही, त्या फक्त संदर्भासाठी असतात, आणि पॅचची खरी करामत त्यांच्यातच आहे. मधल्या काळात कोणी फाईलच्या सुरुवातीला वीस ओळी घातल्या तर पत्ता चुकतो. तेव्हा पॅच वर-खाली सरकत तोच संदर्भ शोधतो आणि सापडेल तिथे बदल करतो. टोकाच्या ओळी थोड्या वेगळ्या निघाल्या तर तेवढ्याकडे दुर्लक्षही करतो. काहीच जुळले नाही, तर तो तुकडा नाकारून वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, म्हणजे माणूस त्यात लक्ष घालू शकतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना एकाच प्रोग्रॅमवर काम करता आले, त्यात या साध्या युक्तीचा वाटा फार मोठा आहे.

कुलुपाची अडचण ॲमस्टरडॅममध्ये सुटली. डिक ग्रूना आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका सी कंपायलरवर काम करत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा कधीच जुळत नव्हत्या. त्यातून 1986 मध्ये सीव्हीएस ही प्रणाली जन्माला आली. सगळ्यांनी एकाच वेळी बदल करावेत आणि नंतर ते एकत्र करावेत, हा विचार तिने रुजवला. मात्र ती प्रत्येक फाईलचा इतिहास वेगळा ठेवी. दहा फाईलींमधला एकच बदल अर्ध्यावर अडकला तर पाच फाईली नव्या आणि पाच जुन्या राहत. सबव्हर्जन या पुढच्या प्रणालीने (पहिली पूर्ण आवृत्ती 2004) हा दोष काढला, पण मध्यवर्ती सर्व्हरवरचे अवलंबित्व तसेच राहिले.

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, सीव्हीएस स्वीकारलीच नाही. 1991 पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे ई-मेलने पॅच, म्हणजे वरच्यासारखे लिहून काढलेले फरक, येत. ते वाचून पसंत पडतील तेवढे ते लावत आणि ठरावीक काळाने नवी आवृत्ती प्रसिद्ध करत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कामाचा व्याप इतका वाढला की पॅच हरवू लागले. 2002 मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची बिटकीपर ही व्यापारी प्रणाली घेतली. कर्नलच्या कामासाठी ती मोफत होती, पण तिचा स्वतःचा कोड बंद होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना हे खटकले. त्यांच्या सोयीसाठी त्याच इतिहासाची एक नक्कल सीव्हीएसमध्येही ठेवली जाई.

नोव्हेंबर 2003 मध्ये या नकलेत घुसखोरी झाली. कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरून कर्नलच्या ‘वेट-फोर’ या फंक्शनमध्ये दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती निरुपद्रवी तपासणी होती: दोन विशिष्ट पर्याय एकत्र दिले असतील आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक म्हणून परत फिरा. परंतु सी भाषेत तुलनेसाठी दुहेरी बरोबर-चिन्ह (==) लागते, आणि इथे एकच (=) होते. त्यामुळे क्रमांक शून्य आहे का, हे तपासले जाण्याऐवजी तो शून्य केला जात होता. शून्य क्रमांक हा ‘रूट’चा, म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेल्याचा. शिवाय त्या पदावलीची किंमतही शून्यच येत असल्याने अट खोटी ठरे आणि चूक झाल्याचा संदेशही उमटत नसे. भोवती जादा कंस घातल्यामुळे कंपायलरही इशारा देत नसे. ते दोन पर्याय देणारा कोणीही गुपचूप यंत्राचा मालक झाला असता.

हे कोड वाचून लक्षात आले नाही, हिशेबातून आले. सीव्हीएसमधील प्रत्येक बदलासोबत बिटकीपरमधील मूळ नोंदीचा दुवा असे. या बदलाला तो नव्हता. मुख्य कोडपर्यंत तो कधी पोहोचलाच नाही. एक चिन्ह कमी लिहून केवढा घात करता येतो आणि नोंद चोख असली की तो कसा उघडा पडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एप्रिल 2005 मध्ये बिटकीपरची मोफत सवलत बंद झाली. टॉरवाल्ड्स यांनी 3 एप्रिलला गिट ही स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि 7 एप्रिलला तिचा कोड तिच्यातच ठेवला जाऊ लागला. 16 एप्रिलला कर्नल त्यात आले, जुना इतिहास मागे ठेवून. जुलैमध्ये त्यांनी गिटची जबाबदारी जुनियो हामानो यांच्याकडे सोपवली.

गिट फरक साठवत नाही. प्रत्येक कमिट, म्हणजे गिटमधील प्रत्येक नोंद, हे त्या क्षणीच्या संपूर्ण प्रकल्पाचे चित्र असते आणि फरक मागितला की तो तिथल्या तिथे काढला जातो. जागा वाचवण्यासाठी आतल्या आत केलेले आकुंचन हा निराळा भाग. प्रत्येक वस्तूचे नाव तिच्याच मजकुरावरून एसएचए-1 या गणिताने निघते. कमिटच्या मजकुरात आधीच्या कमिटचे नाव असते, त्यामुळे जुन्या नोंदीत एक अक्षर बदलले तरी तिच्यानंतरच्या सर्व नोंदींची नावे बदलतात. शिवाय प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते. 2003 सारखी चोरटी भर आता कोणत्याही प्रतीशी ताडून पाहिली तरी पकडली जाते. फेब्रुवारी 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एकच एसएचए-1 नाव येणाऱ्या दोन वेगवेगळ्या फाईली करून दाखवल्या. त्यानंतर गिटने असा डाव ओळखणारी तपासणी बसवली आणि पुढे एसएचए-256 ची सोयही केली.

इतिहासाचा उपयोग मात्र नोंदीच्या दर्जावर ठरतो. एखादा बग हजार कमिटपैकी नेमका कुठे शिरला हे गिटची बायसेक्ट ही आज्ञा दर वेळी उरलेल्या कमिट निम्म्या करत जाऊन साधारण दहा चाचण्यांत सांगते. त्यासाठी मधली प्रत्येक कमिट चालू स्थितीत हवी आणि तिच्यात एकच मुद्दा हवा. आठवडाभराचे सगळे काम एकाच कमिटमध्ये कोंबले तर बायसेक्टही ‘याच ढिगात कुठेतरी’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. कर्नलमध्ये ‘एका पॅचमध्ये एकच बदल’ हा नियम कटाक्षाने पाळतात. पॅचसोबतच्या मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहिणे अपेक्षित असते, कारण ‘काय’ ते डिफमध्ये दिसतेच. 2004 पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणारा ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सही करतो. हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते.

शैलीचा प्रश्न इथेच येतो. कर्नलचे नियम कडक आहेत. इंडेंटेशन आठ अक्षरांच्या टॅबने करायचे. तीनपेक्षा जास्त पायऱ्या झाल्या तर रचनाच चुकली असे समजायचे. 80 अक्षरांची ओळ हा संकेत आयबीएमच्या 1928 मधील 80 रकान्यांच्या पंचकार्डापर्यंत मागे जातो. कर्नलच्या तपासणी-स्क्रिप्टने 2020 मध्ये इशाऱ्याची मर्यादा 100 वर नेली. पायथनच्या 2001 मधील पेप-8 या नियमावलीत इंडेंटेशन चार स्पेसचे आणि ओळ 79 अक्षरांची आहे. कोणता आकडा बरोबर, यावर घातलेला वाद बहुधा वाया जातो. संपूर्ण प्रकल्पात एकच रीत असणे महत्त्वाचे, कारण डिफला फक्त ओळी दिसतात. एकाने टॅबच्या जागी स्पेस घातल्या की शेकडो ओळी ‘बदलल्या’ म्हणून उमटतात आणि खरा बदल त्यांत बुडून जातो. म्हणूनच नुसती मांडणी सुधारणारा पॅच नेहमी वेगळा द्यावा.

शैली केवळ शोभेची नसते, हे फेब्रुवारी 2014 मध्ये दिसले. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ‘इफ’च्या अटीखाली होती. दुसरीही तितक्याच अंतरावर आत सरकवलेली, पण महिरपी कंस नसल्याने अटीच्या बाहेर. ती प्रत्येक वेळी अंमलात येई, पुढची सही-तपासणी टळे आणि फंक्शन ‘सर्व ठीक’ असे उत्तर देई. बनावट सर्व्हरही त्यामुळे खरा ठरू शकत होता. ‘कंस नेहमी घाला’ हा धडा सर्वांनी घेतला. पण एका विधानासाठी कंस घालू नयेत, असे कर्नलचा नियमच सांगतो आणि तोही अविचारी नाही. अधिक भरवशाचा उपाय यंत्राचा आहे. गो भाषेच्या गोएफएमटीसारखा प्रोग्रॅम मांडणी आपल्या हाती घेतो. असा प्रोग्रॅम या कोडवर चालवला असता तर दुसरी ओळ डावीकडे सरकून डोळ्यांत भरली असती. 2016 मधील जीसीसी-6 या कंपायलरपासून फसव्या इंडेंटेशनसाठी वेगळा इशाराच आहे.

मराठी मजकुरालाही हे सारे लागू पडते, आणि त्यात एक वेगळा खाचखळगा आहे. ‘तऱ्हा’ किंवा ‘दऱ्या’ यांतला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो: युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, र आणि नुक्ता अशा जोडीला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण यूटीएफ-8 मध्ये त्यांचे बाइट वेगळे असतात. स्वतंत्र ‘ऱ’ तीन बाइटचा, तर र आणि नुक्ता मिळून सहा. डिफ मग दोन हुबेहूब ओळी एकीखाली एक, वजा आणि अधिक चिन्हांसह दाखवतो आणि भाषांतर तपासणारा बुचकळ्यात पडतो. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणल्यावर पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा तरीही वेगळाच राहतो. फाईलमधील मजकुराचे हे रूपांतर गिट आपणहून करत नाही, म्हणून अर्धा र कसा टाइप करायचा हेही मराठी शब्दयादी सांभाळणाऱ्या प्रकल्पाला आपल्या शैली-नियमांत टॅब आणि कंसांच्या शेजारीच लिहून ठेवावे लागते.