आधी गोळी, मग जनुक : परभणीतल्या एका फिजिशियनचा दिवस

पहाटे 5.30

डिसेंबरात परभणीचं नाव पेपरात येतं ते थंडीपायी. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकड्यावर आला की मुंबई-पुण्याचे नातेवाईक काळजीने फोन करतात. त्याच विद्यापीठाच्या रस्त्यावर मी कानटोपी घालून फिरायला निघतो. सोबतच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, थंडीत बीपी वाढतं का हो?"

वाढतं. अंगातली ऊब राखायला कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. त्यात ही वेळही वाईट. गाढ झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्क्यांनी उतरलेला असतो. जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतात, तसा तोही चढू लागतो. हार्ट अटॅक आणि लकवा सकाळच्या प्रहरी जास्त होतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. सकाळी सहाच्या आत फोन वाजला, की नाव न बघताच मी घराकडे वळतो.

सकाळी 8.00

राउंड. रात्री दाखल झालेले सेलू तालुक्यातले एक काका, वय पन्नाशीच्या आतबाहेर. काही महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला अँजिओप्लास्टी झालेली. आमच्याकडे स्टेंटला 'स्प्रिंग' म्हणतात. "स्प्रिंग बसवली तरी छातीत दुखायलंय," काकूंची तक्रार. ईसीजी आणि ट्रोपोनिन ठीक आहेत, म्हणजे तूर्त धोका टळलेला. मी काकूंना गोळ्यांची पिशवी चादरीवर ओतायला सांगतो. निदान कित्येकदा तिथेच सापडतं.

अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, सगळं जागेवर आहे. त्यात एक अर्धं संपलेलं पाकीट ओमेप्राझोलचं. "ही कोणी दिली?" "पोटात जळजळ व्हायली म्हणून गावातल्या दुकानातून आणली. गॅसचीच तर हाय."

क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातलं सीवायपी2सी19 नावाचं विकर त्याला कामाला लावतं आणि मग ते रक्तातल्या बिंबिकांना गुठळी करू देत नाही. हे विकर किती जोमाने चालणार ते जनुक ठरवतं. त्या जनुकाची एक मंद प्रत भारतीयांमध्ये फार आढळते : निम्म्याच्या आसपास लोकांकडे निदान एक तरी असते. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही मंद प्रत मिळाली, त्यांच्यात ही गोळी पुरेशी जागीच होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीत हा इशारा छापायला लावला. ओमेप्राझोल याच विकराला आणखी मंद करतं, म्हणून ही जोडी टाळावी असंही सांगितलं.

काकांचं जनुक कोणतं ते मला माहीत नाही. तपासणी करता येते, पण नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार, खर्च खिशातून आणि निकालाला काही दिवस. तोवर हातातलं करायचं. ओमेप्राझोल बंद करून पँटोप्राझोल दिलं. क्लोपिडोग्रेलच्या जागी टिकाग्रेलॉर द्यावं का, हे अँजिओप्लास्टी केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवलं. टिकाग्रेलॉरला त्या विकराने जागं करण्याची गरज नसते. ते महाग पडतं, दिवसातून दोनदा घ्यावं लागतं आणि काहींना दम लागल्यासारखं वाटतं, हेही काकूंना सांगितलं.

सकाळी 10.30

ओपीडी. जिंतूर, पालम, पाथरीकडच्या एसट्या आल्या की बाकडी भरतात. एक मामा जिना चढून धापा टाकत थेट खुर्चीत बसतात आणि बाही वर करतात. गालात तंबाखू. सिस्टर पट्टा बांधत नाहीत. "मामा, आधी तोंड धुवा, मग बसा निवांत."

दाब मोजायची रीत साधी आहे, पण घाईत तीच मोडते. तंबाखू, चहा, बिडी झाल्यावर अर्धा तास थांबायचं. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. पट्टा कपड्यावरून नाही, उघड्या दंडावर. रशियन डॉक्टर कोरोटकॉव्ह यांनी 1905 मध्ये दंडावरच्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची पद्धत सांगितली, ती आजही चालते. बोलता बोलता मोजलं तर तेवढ्यानेही आकडा वर जातो.

मामांचा दाब आला तसा मोजला असता तर कागदावर एक वाढीव गोळी लिहिली गेली असती. अर्ध्या तासाने दोनदा मोजला तेव्हा वरचा 146 आणि 142. गोळी तीच ठेवली. तंबाखूवर मात्र आमची बरीच वादावादी झाली.

दुपारी 12.30

गंगाखेड तालुक्यातलं ऊसतोडीचं जोडपं. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेलं, भावकीतल्या दहाव्यासाठी दोन दिवस गावी आलंय. नवऱ्याचा दाब 178/104. तोही नीट बसवून मोजलेला.

"गोळी लागू पडंना साहेब. आमच्या रक्तातच हाय हे. आज्याला लकवा, बापाला लकवा."

माणूस चुकीचं बोलत नाही. रक्तदाब घराण्यात चालतो. 2018 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाशी नातं असलेल्या जागांची संख्या 901 वर गेली. पण यातली एकेक जागा दाबात फार तर मिलिमीटरभराचा फरक करते. एकाच जनुकाच्या बिघाडाने दाब चढण्याचे आजारही आहेत, पण दुर्मिळ. बाकी सगळ्यांत अनेक बारीक धक्के एकत्र येतात आणि मीठ, वजन, दारू, झोप, मूत्रपिंड त्यात भर घालतात. शिवाय तो अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. आपल्या मातीतली उत्तरं तिथून मिळू लागतील.

मी विचारतो, "शेवटची गोळी कधी घेतली?" नवरा बायकोकडे बघतो. बायको सांगते, "पाकीट सरून वीस रोज झाले. तिथं फडात कोण देतंय? आणि बरं वाटायलं होतं."

दाबाचं हेच कपट आहे, तो असताना आणि नसताना सारखंच बरं वाटतं. नवऱ्याला मी अ‍ॅम्लोडिपिन देतो, आणि तेही विचार करून. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तीस ते पन्नास तास लागतात. पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्याची एक गोळी चुकली तरी दाब लगेच उसळत नाही. जेनेरिक गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. या वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, हंगाम संपेपर्यंत पुरतील अशा. पाकीट बायकोच्या ताब्यात. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला चिठ्ठीही लिहून दिली.

दुपारी 2.00

डबा : ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, काकडी. लोणचं नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक चहाचा चमचा. ठेचा, पापड आणि शेंगदाण्याची चटणी एकाच ताटात आली की तो चमचा तिथेच संपतो.

दुपारी 4.00

2023 मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथली काही मुलं अधूनमधून दुपारी येतात. आज विषय निघाला, भारतीयांना वेगळं औषध लागतं का?

मी सुरुवात मुंबईपासून करतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा 50 रुग्णांवरचा अनुभव छापला. आयुर्वेदातली ती मुळी रक्तदाब उतरवते, हे पाश्चात्त्य डॉक्टरांनी त्यानंतर मनावर घेतलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे काही रुग्ण या औषधाने उदास होतात असं दिसलं, चांगल्या गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं.

मग हैदराबाद. तिथल्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. के. थंगराज यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, की हृदयाच्या स्नायूशी निगडित एमवायबीपीसी3 या जनुकातली 25 अक्षरं दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळालेली असतात. अशा लोकांत उतारवयात हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो. मुलं वहीत लिहून घेतात, जनुकांची गोष्ट त्यांना आवडते.

शेवटी मी टॉपस्पिनचा निकाल समोर ठेवतो. भारतातल्या 32 रुग्णालयांत सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेली ही चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. दाबाच्या दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या देऊन सहा महिने पाहिलं. तिन्ही जोड्या सारख्याच ठरल्या आणि दवाखान्यात मोजलेला दाब जवळपास सत्तर टक्के रुग्णांत आटोक्यात आला. "म्हणजे कोणतीही जोडी चालेल?" एक मुलगी विचारते. या तिन्हींतली कोणतीही, पण ती रोज पोटात गेली पाहिजे.

संध्याकाळी 6.30

मानवतची एक ताई, हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसेनोकुमारॉल चालू. याची मात्रा माणसागणिक फार बदलते. एकाला 1 मिलिग्रॅम पुरतं, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागतं. यामागे व्हीकेओआरसी1 आणि सीवायपी2सी9 ही दोन जनुकं आहेत. पण 2013 मध्ये युरोपातल्या चाचणीत जनुक पाहून मात्रा ठरवली, तरी बारा आठवड्यांत फारसा फायदा दिसला नाही. कारण आयएनआर नावाची रक्ततपासणी हाताशी असते आणि ती थेट परिणामच मोजते : जनुक, मेथीची भाजी, मध्येच घेतलेलं अँटिबायोटिक, सगळं मिळून.

ताईंचा आयएनआर 2.8. छान. "वांग्याचं भरीत चालंल ना?" चालेल. पालेभाजी सोडायची नाही, फक्त रोज साधारण सारखीच खायची. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम ढीगभर, हे नको.

रात्री 9.30

शेवटचा फोन : "बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री?" ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर टाइम नावाची चाचणी झाली, निकाल 2022 मध्ये आला. हार्ट अटॅक, लकवा आणि मृत्यू यांत सकाळ-रात्रीने फरक पडला नाही. तेव्हा जी वेळ तुमच्या लक्षात राहते ती तुमची.

जनुकांचं शास्त्र खरं आहे आणि ते पुढे येणारच. स्टेंट बसलेल्याच्या क्लोपिडोग्रेलबाबत ते आजही कामाचं आहे. पण माझ्या ओपीडीत औषध लागू पडत नाही, त्याची कारणं आधी पाकिटात, पट्ट्यात आणि मिठाच्या बरणीत शोधावी लागतात. तेव्हा वाचकहो, तीन गोष्टी करा. दाब निवांत बसून मोजून घ्या. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि हृदयाच्या गोळ्या चालू असताना दुकानातून गॅसची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.